मैलभर पाण्यापलीकडचं बेट

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात कयाक ही काही आजकालच्या हौशी मंडळींनी आणलेली गोष्ट नाही. १८११च्या सुमाराला रशियन-अमेरिकन कंपनीसाठी राबणारे अलास्काकडचे शिकारी इथे समुद्री ऊदमांजरांच्या मागावर आले होते. त्यांच्या मऊ कातड्याला चीनच्या बाजारात सोन्याचा भाव होता. अडचण एवढीच, की उपसागराच्या तोंडावर स्पॅनिश तोफा होत्या आणि ही शिकार स्पेनला अजिबात मान्य नव्हती. शिकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. लाकडी सांगाड्यावर प्राण्यांचं कातडं ताणून बनवलेल्या आपल्या हलक्या होड्या त्यांनी उत्तरेकडच्या मरिनच्या टेकड्यांवरून उचलून पलीकडे नेल्या आणि तोफांना वळसा घालून थेट उपसागरात सोडल्या. त्याच्याही आधी हजारो वर्षं तिथले मूळ रहिवासी, कोस्ट मिवोक लोक, पाणथळीतल्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या पेंढ्या बांधून केलेल्या होड्यांतून समोरच्या बेटावर शिकारीला आणि मासेमारीला जात असत.

ते बेट म्हणजे एंजल आयलंड. आज ते कॅलिफोर्नियाचं राज्य उद्यान आहे आणि तिथे जाणाऱ्या कयाक-सहली बहुतेक वेळा सॉसॅलिटो गावाच्या छोट्या वाळूच्या किनाऱ्यावरून निघतात. आठ-दहा जणांचा गट, सोबत एक-दोन वाटाडे, सकाळी लवकर निघून दुपारी परत. एका बाजूचं अंतर सुमारे पाच किलोमीटर. फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की दाखवायच्या ठिकाणांत अल्काट्राझचा तुरुंग हमखास असतो. त्याच्या पाठीमागे दिसणारं, क्षेत्रफळानं त्याच्या तीसपटीहून मोठं असलेलं हे बेट मात्र बहुधा राहून जातं.

बेटावर फेरीबोटही जाते, आणि इमारती पाहायच्या असतील तर तिच्यातून जाण्यात काहीच गैर नाही. पण वल्हं मारत गेलेल्या माणसाला एक गोष्ट जास्त नीट उमगते. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत अमेरिकी सरकारनं या बेटावर तोफा ठेवल्या, साथीचे रोगी ठेवले, परदेशातून आलेले नकोसे पाहुणे कोंडले, युद्धकैदी ठेवले, शेवटी क्षेपणास्त्रं ठेवली. शहराच्या इतक्या जवळ आणि तरीही शहराबाहेर, अशी जागा दुसरीकडे मिळाली नसती. बेट आणि मुख्य भूमीवरचा टिब्युरॉनचा किनारा यांच्यामध्ये आहे ती रकून सामुद्रधुनी, जेमतेम मैलभर रुंद. हे मैलभर पाणी नेमकं काय करतं, हे बोटीच्या डेकवरून कळत नाही. पाण्याच्या पातळीवर बसून, स्वतःच्या खांद्यांच्या जोरावर ते ओलांडताना कळतं.

(रकून हे नाव प्राण्यावरून पडलेलं नाही, एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलं. कोलंबिया नदीच्या मुखाशी तळ फाटलेली ही नौका १८१४मध्ये दुरुस्तीसाठी या बेटाच्या किनाऱ्याला लागली होती.)

दहाएक हजार वर्षांपूर्वी हे बेट नव्हतंच. मुख्य भूमीला जोडलेला तो एक डोंगर होता. हिमयुग सरलं, समुद्राची पातळी वाढली, दऱ्यांत पाणी शिरलं आणि डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. आज उपसागर दूरवर पसरलेला आहे, पण त्याला महासागराशी जोडणारी वाट एकच: गोल्डन गेट, सुमारे मैलभर रुंदीची. मोठ्या रांजणाला बारीक तोंड असावं तसं हे आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. सॅन फ्रान्सिस्कोत रोजचा फरक सरासरी १.८ मीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढं पाणी साऱ्या उपसागरात भरायचं आणि पुन्हा रिकामं व्हायचं ते त्या एका तोंडातून, म्हणून प्रवाहाला वेग येतो. गोल्डन गेटखाली जोराच्या ओहोटीला तो चार-पाच नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटर. नवशिक्या वल्हेकऱ्याचा वेग फार तर तीन नॉट. तेव्हा प्रवाहाशी झुंजायचा प्रश्नच येत नाही, त्याची वेळ पाहून निघायचं असतं.

म्हणून अशा सहलीची खरी सुरुवात आदल्या रात्री वेळापत्रकापाशी होते. या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी नावापुरती, तर दुसरी जबरदस्त. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह वाढतात आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, ते मंदावतात. नवख्यांच्या सहली शक्यतो भांगाच्या दिवसांत ठेवणं हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला न सांगता पटेल. आणखी एक खुबी अशी, की पाण्याची पातळी सर्वांत उंच असते त्याच क्षणी प्रवाह थांबतो असं नाही. भरती संपल्याचं किनाऱ्यावरच्या खुणा सांगत असतात तेव्हाही मध्यभागी पाणी आत वाहतच असतं. त्यामुळे पातळीचं वेगळं आणि प्रवाहाचं वेगळं अशी दोन भाकितं पाहावी लागतात. अमेरिकेची महासागर आणि हवामान संस्था नोआ ही दोन्ही प्रसिद्ध करते, आणि वाटाड्याच्या लाइफ जॅकेटच्या खिशात त्या दिवसाचा कागद दुमडून ठेवलेला असतो.

वाऱ्याचं गणित त्याहून साधं, पण जास्त निर्दय. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची मधली खोरी तापतात, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, जड हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत धावते. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी दोननंतर वीस-पंचवीस नॉटच्या पश्चिम वाऱ्याखाली पांढरं होतं. तेव्हाच ओहोटी लागलेली असेल तर पाणी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला, अशा रस्सीखेचीत लाटा आखूड, उभ्या आणि तुटक होतात. नवख्या माणसाला पाडायला तेवढ्या पुरतात.

आणि इथे पडणं म्हणजे कळंगुटच्या पाण्यात पडणं नव्हे. उपसागराचं पाणी वर्षभर दहा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एवढ्या गार पाण्यात अचानक गेलेलं शरीर पहिल्या मिनिटभरात धापा टाकायला लागतं, श्वास ताब्यात राहत नाही. पट्टीचे पोहणारे बुडतात ते दमून नव्हे, त्या पहिल्या झटक्यात. म्हणून ऊन कितीही असलं तरी सगळे जण वेटसूट चढवतात आणि लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून घट्ट करतात. कपडे हवेचा विचार करून घालायचे नसतात, पाण्याचा विचार करून घालायचे असतात.

समुद्री कयाक ही तलावावरच्या रंगीत प्लॅस्टिकच्या होडीची थोरली बहीण. पाच मीटरच्या आसपास लांब, अरुंद, पुढे-मागे टोकदार. तिच्या पोटात आडव्या भिंती घालून पुढचा आणि मागचा भाग हवाबंद केलेला असतो. मधल्या खळग्यात पाणी शिरलं तरी ती तरंगत राहते. बसणाऱ्याच्या कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचा रबरी घोळ असतो, तो खळग्याच्या काठावर ताणून बसवला की लाट आत येत नाही. उलटलं तर काय? स्कर्टच्या पुढच्या टोकाला एक फासा असतो. तो ओढायचा, स्कर्ट सुटतो आणि माणूस आपोआप खाली घसरून बाहेर येतो. बहुतेक सहलींत निघण्यापूर्वी ही क्रिया कोरड्या वाळूवर बसून प्रत्येकाकडून करवून घेतात. त्या वेळी हसणारे बरेच असतात.

एकट्यानं न जाता गटानं जाण्याचं मुख्य कारणही इथेच आहे. एक जण उलटला की दुसरा आपली होडी त्याच्या होडीला काटकोनात आणतो, रिकाम्या होडीचं टोक उचलून आपल्यापुढे आडवं ओढतो, पाणी निथळू देतो, मग ती सरळ करून शेजारी घट्ट धरून ठेवतो. पडलेला माणूस मागच्या भागावर पोटावर चढून, फिरून, पुन्हा आत बसतो. सरावलेले दोघे हे काम दोन-तीन मिनिटांत उरकतात. एकट्यालाही स्वतःला वाचवता येतं, पण खवळलेल्या गार पाण्यात ते फार थोड्यांना जमतं.

सॉसॅलिटो सोडून रिचर्डसन बे ही खाडी ओलांडताना पहिली दोन-अडीच किलोमीटर तशी सोपी. वल्हं नुसत्या हातांनी ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, हे वाटाड्या दहा वेळा सांगतो. तरी पहिल्या अर्ध्या तासात सगळे हातांनीच ओढतात. डाव्या हाताला बेल्व्हेडेअरची श्रीमंत घरं उतारावर एकमेकांच्या डोक्यावर उभी आहेत. एखादं सील मासेमारी करता करता डोकं वर काढतं. पाण्यात काळ्या पाठीचा लहानसा कमान-झोका दिसला तर ते हार्बर पॉरपॉइज असण्याची शक्यता मोठी. हा छोटा जलचर सस्तन प्राणी कित्येक दशकं या उपसागरातून गायब होता, तो २००८च्या सुमारास परतला. त्यांच्या मागे वल्हवत जाणं मात्र चालत नाही. १९७२च्या केंद्रीय कायद्यानं सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे, आणि खडकावर विसावलेलं सील माणसांना दचकून पाण्यात उडी मारू लागलं तर तोही त्रासच.

बेल्व्हेडेअरचं टोक संपलं की सामुद्रधुनी उघडते आणि गट थांबतो. इथून सगळे एकत्र जायचं, बोलता आलं पाहिजे एवढ्या अंतरात. कारण गणिताचं आहे. तीन नॉटच्या वेगानं मैलभर पाणी ओलांडायला सतरा-अठरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोन नॉटचा आडवा प्रवाह होडीला किलोमीटरभर बाजूला नेऊन ठेवतो. ज्यानं आपलं टोक सरळ बेटाकडे धरलं तो बेटाला लागतच नाही, बेटाच्या बाजूनं निघून जातो. तेव्हा होडीचं तोंड प्रवाहाकडे तिरपं धरायचं आणि पलीकडच्या काठावरच्या दोन खुणा पकडायच्या, पुढे एखादं झाड आणि त्याच्यामागे एखादी इमारत. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर वाट बरोबर. झाड इमारतीच्या डावीकडे सरकायला लागलं की कोन बदलायचा. तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, हे पहिल्यांदा करणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो, टोकावर नाही.

मोठ्या जहाजांचा रस्ता बेटाच्या दक्षिणेकडून जातो. सामुद्रधुनीत फेरीबोटी आणि शिडाच्या नौका असतात. कयाक लहान म्हणून तिला वाट मिळते हा गैरसमज. नौकानयनाच्या नियमांत उलटं आहे. अरुंद खाडीतून जाण्याशिवाय पर्याय नसलेल्या जहाजाच्या वाटेत लहान होडीनं यायचंच नाही. या उपसागरात जहाजांची वाहतूक किनाऱ्यावरून रडार आणि रेडिओनं सांभाळली जाते. त्या व्यवस्थेला गती मिळाली ती जानेवारी १९७१मध्ये, धुक्यात गोल्डन गेट पुलाखाली दोन तेलवाहू जहाजं एकमेकांवर आदळली आणि लाखो लिटर तेल किनाऱ्यांवर पसरलं त्यानंतर.

बेटाच्या कुशीत शिरलं की प्रवाह एकदम सुटतो. हा आयाला कोव्ह. ५ ऑगस्ट १७७५ रोजी हुआन मानुएल दे आयाला याचं सान कार्लोस हे जहाज गोल्डन गेटमधून आत आलं. उपसागरात शिरलेलं ते पहिलं युरोपीय जहाज. आयालानं याच भागात नांगर टाकला, बेटाला देवदूतांचं नाव दिलं, आणि त्याचा सहकारी होसे दे कान्यिझारेस यानं लहान होडीतून हिंडून उपसागराचा पहिला नकाशा काढला. आज इथे गवताचं मैदान, बाकं, पर्यटन केंद्र, डबे उघडून बसलेली कुटुंबं. १९६९पर्यंत मात्र या जागेचं नाव हॉस्पिटल कोव्ह होतं, आणि त्यामागची कथा थेट मुंबईपर्यंत येते.

१८९१मध्ये केंद्र सरकारनं इथे क्वारंटाइन स्थानक उघडलं. आशियातून येणाऱ्या जहाजावर देवी, कॉलरा किंवा प्लेगचा संशय असेल तर प्रवाशांना उतरवून वेगळं ठेवायचं, सामान वाफेनं निर्जंतुक करायचं. १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग भडकला, १८९६मध्ये तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. १८९९मध्ये होनोलुलू. जहाजांच्या वाटेवरचं पुढचं बंदर कुठलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याच वर्षी एंजल आयलंडच्या स्थानकावर जोसेफ किन्यून या जंतुशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. आज जगप्रसिद्ध असलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा उगम ज्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत झाला, ती १८८७मध्ये सुरू करणारा हाच माणूस.

मार्च १९००मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये एक चिनी मजूर मरण पावला. त्याच्या गाठींतले नमुने होडीनं बेटावर आले. किन्यूननं ते प्रयोगशाळेतल्या उंदरांना, गिनीपिगना आणि एका माकडाला टोचले. प्राणी मेले, प्लेग सिद्ध झाला, आणि किन्यूनचे दिवस फिरले. गव्हर्नर हेन्री गेज यांनी प्लेग नाहीच असा धोशा लावला. व्यापार बुडेल ही भीती. वर्तमानपत्रांनी किन्यूनची टर उडवली. दुसरीकडे शहरानं चायनाटाऊनला दोर बांधून वेढा घातला, पण दोर असे वळवले की गोऱ्यांची दुकानं बाहेर राहतील. मे महिन्यात चिनी रहिवाशांना लस टोचण्याचा घाट घातला गेला. ती लस होती वाल्डेमार हाफकिन यांची, १८९७च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली. चिनी लोक न्यायालयात गेले. एका वंशालाच निवडून सक्ती करता येणार नाही, असं म्हणत न्यायालयानं ती योजना थांबवली. पुण्यात रँडच्या प्लेग-फौजांनी काय केलं हे ज्यांना शाळेपासून ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीतलं बरंच काही ओळखीचं वाटेल: खरा रोग, खरं विज्ञान आणि ते राबवणारे हात कोणावर उगारले गेले तो प्रश्न. १९०१मध्ये तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीनं किन्यूनचं निदान बरोबर ठरवलं. तरी त्याची बदली झालीच. १९०४पर्यंत त्या साथीनं शंभरहून अधिक बळी घेतले.

होड्या वाळूवर ओढून, कोरडे बूट चढवून गटातले काही जण ईशान्येकडे चालत निघतात. दोनेक किलोमीटरवर बेटावरची सर्वांत जड जागा आहे, इमिग्रेशन स्थानक.

१८८२च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली होती. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांची मुलं तेवढी येऊ शकत. मग १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळून गेल्या आणि एक वाट उघडली: आपण इथेच जन्मलो, चीनमध्ये आपले इतके मुलगे आहेत, असं सांगायचं आणि त्या कागदी मुलग्यांच्या जागा विकायच्या. अधिकाऱ्यांना हे कळत होतं. आधी ही चौकशी बंदरावरच्या एका लाकडी गोदामात होई. तिथे कोंडलेल्यांना शहरातले नातेवाईक चिठ्ठ्या पोचवत. म्हणून २१ जानेवारी १९१०पासून ती बेटावर नेली. चिठ्ठी पोचू नये, साथ पसरू नये, कोणी पळू नये. तिन्ही कामं सामुद्रधुनी करणार होती.

१९४०पर्यंत ऐंशी देशांतल्या सुमारे पाच लाख लोकांची नोंद या स्थानकातून झाली, असा एरिका ली आणि ज्युडी युंग या इतिहासकारांचा अंदाज आहे. पैकी सुमारे तीन लाख लोकांना इथे अडकवून ठेवलं होतं. चिनी माणसांची चौकशी दिवसेंदिवस चाले. घराला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठल्या भिंतीला? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? हेच प्रश्न बापालाही वेगळे विचारत आणि उत्तरं जुळली नाहीत की मुलगा परत. खऱ्या मुलांचीही उत्तरं चुकत. आपल्या घराच्या पायऱ्या मोजून ठेवलेल्या असतात कोणी? उत्तरं पाठ करून घेणाऱ्या वह्या बोटीवरच घोकल्या जात आणि किनारा दिसला की समुद्रात टाकल्या जात. १९२०मध्ये इथे अडकलेल्या एका चिनी मुलाचं नाव टायरस वाँग. पुढे डिस्नेच्या ‘बाम्बी’ चित्रपटातलं ते धूसर, स्वप्नातल्यासारखं जंगल त्याच्या चित्रांवरून घडलं.

बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरलेल्या आहेत. आधी त्या शाईनं, पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. अधिकाऱ्यांनी भिंती रंगवल्या. मग लोकांनी त्या चाकूनं कोरायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी खाचा लांबीनं भरून वर पुन्हा रंग दिला. काळाच्या ओघात लांबी सुकून आकसली, अक्षरं वर आली. शिवाय त्या थरांनी लाकडाला हवेपासून जपलं ते वेगळंच. म्हणजे पुसण्याच्या खटाटोपानंच ती टिकली. १९७०मध्ये इमारत पाडायचं ठरत असताना अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाच्या विजेरीच्या उजेडात ती आली. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा त्यानं ओळखीच्या प्राध्यापकाला सांगितलं आणि पुढे चिनी-अमेरिकन समाजानं जागा वाचवली. आतापर्यंत दोनशेहून जास्त कविता नोंदल्या गेल्या आहेत, बहुतेक निनावी.

भारतीयांचं प्रकरण तुलनेनं कमी माहीत आहे. सुमारे आठ हजार दक्षिण आशियाई इथून गेले. बहुतेक पंजाबी शेतकरी, नोंदीत मात्र शीखही ‘हिंदू’ आणि मुसलमानही ‘हिंदू’. चिन्यांसारखा त्यांच्यावर अजून थेट बंदीचा कायदा नव्हता, म्हणून कारणं शोधली गेली: समाजावर भार होतील, पोटात जंत आहेत. साऱ्या गटांत परत पाठवल्या जाण्याचं प्रमाण त्यांचंच जास्त होतं. बेटाचा पहिला आयुक्त हार्ट हायट नॉर्थ हा भारतीयांना फार सहज आत सोडतो अशी ओरड आशियाविरोधी संघटनांनी केली आणि त्यात त्याचं पद गेलं. १९१७मध्ये कायदाच आला आणि भारतासह आशियाचा मोठा भाग वर्ज्य ठरला. नागपूरच्या बाजूचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे स्थानक सुरू होण्यापूर्वीच अमेरिकेत पोचले होते, त्यामुळे या भिंतींतून सुटले. ते पुढे बेटाच्या उत्तरेला असलेल्या सॅन राफाएलच्या टॅमलपाइस लष्करी अकादमीत शिकले.

१९१५मध्ये पेशावरचे वैष्णो दास बगाई बायको काला आणि तीन मुलांसह आले. पैसा गाठीशी होता, तरी काही दिवस बेटावर काढावे लागले. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं, १९२१मध्ये नागरिकत्व मिळवलं. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगत सिंग थिंद खटल्यात भारतीय हे गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असा निकाल दिला आणि बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांनी १९२८मध्ये आत्महत्या केली. कालाबाई तिथेच राहिल्या, मुलं वाढवली, १९८३पर्यंत जगल्या. ज्या बर्कलीत शेजाऱ्यांनी त्यांना घरात शिरू दिलं नव्हतं, तिथल्या एका रस्त्याला आता काला बगाई यांचं नाव आहे.

बेटाच्या बाकीच्या इतिहासाला फेरी मारायला वेळ हवा, आणि तो एका दिवसाच्या गटाकडे सहसा नसतो. पश्चिमेला यादवी युद्धाच्या काळातली, १८६३ची छावणी कॅम्प रेनल्ड्स. पूर्वेला फोर्ट मॅकडॉवेल; दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराकडे निघालेले तीन लाखांवर सैनिक इथून गेले. १९५४मध्ये नाइके क्षेपणास्त्रांच्या रडारसाठी शिखर छाटून सपाट केलं होतं. २००२मध्ये ती माती परत चढवली, तेव्हा कुठे माउंट लिव्हरमोर पुन्हा ७८८ फुटांचं झालं.

नैर्ऋत्य कोपऱ्यावर पॉइंट नॉक्स. तिथे धुक्यात जहाजांना सावध करणारी घंटा होती आणि १९०२पासून ज्युलिएट निकोल्स ही बाई तिची रखवालदार. २ जुलै १९०६ रोजी धुकं दाटलं आणि घंटेचं यंत्र बंद पडलं. बाईंनी हातोडा घेतला आणि हातानं टोले द्यायला सुरुवात केली. वीस तास पस्तीस मिनिटं, दर पंधरा सेकंदांना. दोनच दिवसांनी यंत्र पुन्हा बिघडलं, पुन्हा धुकं, पुन्हा हातोडा. पॉइंट नॉक्सच्या खालून वल्हवत जाणाऱ्याला ती घंटा आजही वर दिसते, पण हा कोपरा आणि आग्नेयेचा पॉइंट ब्लंट ही बेटाची उघडी बाजू: समोर गोल्डन गेट, शेजारून जहाजांचा रस्ता, आणि दोन प्रवाह एकमेकांना भिडतात तिथे उसळणारं पाणी. बेटाला पूर्ण वळसा घालणं म्हणूनच अनुभवी गटांचं काम, आणि तेही सकाळी, पाणी शांत असताना.

नवख्यांचा गट दीडच्या सुमारास पुन्हा स्प्रे स्कर्ट बसवायला घेतो. वाटाड्या सामुद्रधुनीच्या मध्यावर पांढरे फेस दिसतात का ते पाहतो, कागदावरची ओहोटीची वेळ पाहतो आणि गटातला सर्वांत दमलेला कोण ते पाहतो. वेग त्याच्यावरून ठरतो. गरज पडली तर त्याच्या होडीच्या टोकाला ओढदोर बांधला जातो, पुढे दोघं जण. काही वाटाडे अशा वेळी सरळ सॉसॅलिटो न धरता आधी जवळच्या टिब्युरॉनच्या आडोशाला जातात आणि तिथून काठाकाठानं परततात. वाट लांब पडते, पण उघड्या पाण्यात काढायचा वेळ निम्म्यावर येतो. आणि फेस खरंच दिसत असेल, तर होड्या वाळूवरच ठेवून माणसं फेरीबोटीच्या रांगेत उभी राहतात. तिकीट काढताना कोणी तक्रार करत नाही; वेटसूट घातलेल्या आठ माणसांकडे इतर प्रवासी जरा रोखून बघतात, एवढंच.